नाशिककरांच्या बॉटांचा आखाडा: खेळ कोणता ठेवावा, पंच कसा लिहावा?

सातपूर_शिफ्ट (शनिवार, रात्री १०:४२)
नमस्कार मंडळी. सातपूरला एका कारखान्यात पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक) प्रोग्रॅमिंग करतो आणि घरी आल्यावर स्वतःची खुडबुड चालू असते. सध्या डोक्यात एकच किडा आहे. असा प्लॅटफॉर्म बांधायचा, जिथे माणसं खेळत नाहीत, त्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम खेळतात. तुम्ही बॉट लिहायचा, चढवायचा आणि झोपी जायचं. सर्व्हर रात्रभर सगळ्यांचे सामने लावणार, सकाळी चहासोबत गुणतक्ता.

कल्पना जुनीच आहे. १९८४ साली ए. के. ड्यूडनी यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कोअर वॉर मांडलं होतं. त्यात दोन प्रोग्रॅम एकाच मेमरीत सोडायचे आणि त्यांनी एकमेकांना बंद पाडायचं. रोबोकोडमध्ये जावा ही भाषा शिकणारे लोक रणगाडे चालवणारे प्रोग्रॅम लिहायचे. २०१० मध्ये वॉटर्लू विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स क्लबने गूगलच्या पाठबळावर प्लॅनेट वॉर्स भरवलं, त्यात चार हजारांवर लोक उतरले आणि जिंकला एक हंगेरियन गडी, तोही कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून.

मला एवढं मोठं काही करायचं नाही. नाशिक, ओझर, सिन्नर, निफाड इथली कॉलेजची पोरं-पोरी आणि माझ्यासारखे हौशी, मिळून तीस-चाळीस बॉट जमले तरी पुष्कळ. खेळ म्हणून बुद्धिबळ मनात आहे. परक्याचा कोड माझ्या यंत्रावर कसा चालवायचा, हा प्रश्न मात्र सुटत नाहीये. नाव 'आखाडा' ठेवावं म्हणतो.

गंगापूररोड_गप्पा
सिंहस्थ तोंडावर आलाय आणि तू नाशकात 'आखाडा' नावाची साइट काढतोस? पहिल्याच दिवशी लोक शाही स्नानाच्या तारखा विचारतील.

निफाडचा_नितळ
दादा, मी सेकंड इयरला आहे. बुद्धिबळ ठेवलंत तर आमच्या वर्गातले निम्मे जण स्टॉकफिशला (फुकट मिळणारं बुद्धिबळ इंजिन) स्वतःचं नाव देऊन पाठवतील. खरं सांगतो, मीपण पाठवीन.

उलटतपासणी
नितळशी सहमत, आणि पुढचा प्रश्न. आता बॉट एआयच लिहून देतो. मग स्पर्धा कोणाकोणात? कोणी कुठल्या कंपनीचं सबस्क्रिप्शन घेतलंय, यात?

तर्कट_तात्या
बुद्धिबळाचं नितळने थोडक्यात आटोपलंच. नाशिकचा विदित गुजराथी २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता, त्यामुळे गावाला बुद्धिबळाचा अभिमान असणं साहजिक आहे. पण बॉटांसाठी तो खेळ संपला. मोबाइलवर फुकट मिळणारं इंजिन जगज्जेत्याला हरवतं, तिथे सेकंड इयरच्या मुलाने काय नवीन करायचं?

उलटतपासणी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ऑगस्ट २०२५ मध्ये मिळालं. कॅगल या स्पर्धा भरवणाऱ्या साइटने एआयच्या भाषा-मॉडेलांनाच एकमेकांविरुद्ध बुद्धिबळाला बसवलं. अंतिम फेरीत ओपनएआयच्या ओ३ ने एक्सएआयच्या ग्रोक ४ ला ४-० हरवलं, पण त्या स्पर्धेतल्या चाली बघून आमच्या कट्ट्यावरचे सहावी-सातवीतले खेळाडू हसत होते. मॉडेलने लिहिलेला बॉट ही वेगळी गोष्ट, तो बरा खेळतो. फक्त नेहमीच्या खेळासाठी नेहमीचाच कोड येतो. खेळ असा निवडा की ज्याचं तयार उत्तर इंटरनेटवर पडलेलं नाही.

कर्नल_कोथिंबीर
मूळचा इंदिरानगरचा, आता पुण्यात. परक्यांचा कोड सुरक्षित चालवणं हेच माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहितो.

घरच्या वायफायवर हे अजिबात चालवू नका. त्याच नेटवर्कवर तुमचा राउटर, वडिलांचा फोन, सीसीटीव्ही सगळं असतं. एक वेगळं भाड्याचं यंत्र घ्या आणि त्यावर पासवर्ड, चाव्या, ईमेल यातलं काहीही ठेवू नका. कोणी फोडलंच तर चोरायला काही सापडता कामा नये.

"डॉकरमध्ये टाकलं की झालं" असं पुष्कळांना वाटतं. डॉकर म्हणजे प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारं साधन. पण कंटेनर आणि मुख्य यंत्र यांचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकच असतो, त्यात भोक सापडलं तर बॉट डब्याबाहेर येऊ शकतो. त्यामुळे डॉकर वापरा, पण नेटवर्क पूर्ण बंद, फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती, रूट (सर्वाधिकार) नसलेला युजर, मेमरीला मर्यादा आणि प्रोसेसच्या संख्येला मर्यादा. शेवटची विसरलात तर फोर्क बॉम्बच्या (स्वतःच्याच प्रती काढत सुटणारा प्रोग्रॅम) एका ओळीने रात्रभराचे सामने बसतील. कोड आणखी वेगळा कोंडणारा एक थर हवा तर जीव्हायझर किंवा फायरक्रॅकर ही साधनं आहेत. आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये वापरतात तो आयसोलेट हा प्रोग्रॅम तुमच्या आकाराला पुरेल.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते. धोका पंचाला जास्त आहे. पंच म्हणजे बॉटची चाल वाचून नियमात बसते का ते पाहणारा तुमचा प्रोग्रॅम. बॉटने नवी ओळ न देता नुसती अक्षरं ओतत ठेवली आणि पंच 'ओळ संपेपर्यंत वाच' असा लिहिलेला असला, तर मेमरी पंचाची भरते. बॉट मजेत. म्हणून वाचताना पहिल्या शंभर बाइटनंतर थांबायचं आणि तो सामना त्याच्या नावे हरलेला लिहायचा.

सातपूर_शिफ्ट
@कर्नल_कोथिंबीर, फार उपयोगी. वेळेचं काय? एका चालीला ५० मिलिसेकंद ठेवले आणि नेमकं तेव्हाच यंत्र दुसऱ्या कामात असलं तर?

कर्नल_कोथिंबीर
प्रत्येक सामन्याला प्रोसेसरचा स्वतंत्र कोअर बांधून द्या आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं वाटून चालवणं) बंद ठेवा. सीपीयूचा वेळ आणि घड्याळाचा वेळ दोन्ही मोजा. नुसता सीपीयू मोजलात तर स्लीप करत बसणारा बॉट सामना तासभर लटकवेल. प्रतिस्पर्ध्याची पाळी असताना बॉटला सीग्रुपच्या (लिनक्सची प्रोसेस आवरायची सोय) फ्रीझरने गोठवा, नाहीतर हुशार पोरं दुसऱ्याच्या वेळेत स्वतःचा विचार करून घेतात.

याहून स्वच्छ वाट म्हणजे वेळ मोजायचीच नाही, सूचना मोजायच्या. एमआयटीची बॅटलकोड ही बॉट-स्पर्धा जावाचे बाइटकोड (यंत्राला मिळणाऱ्या बारीक सूचना) मोजते: एवढे झाले की तुमची पाळी संपली, मग यंत्र मंद असो की जलद. वेबअसेम्ब्ली या कोडच्या प्रकारात, तो चालवणाऱ्या वासमटाइमचं 'फ्युएल' तेच करतं. पण मग पायथनवाल्या पोरांची पंचाईत होते.

रेवती_रा
मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. प्रॅक्टिकलला मुलांकडून असे बॉट लिहून घेतले आहेत, म्हणून सातपूर_शिफ्ट यांना एक आगाऊ सूचना. सर्वांत जास्त तक्रार एकच येते: "मॅडम, माझ्या लॅपटॉपवर चालतो, तुमच्या सर्व्हरवर टाइमआउट होतो." कारण दरवेळी तेच. आउटपुट स्क्रीनवर जात असतं तेव्हा ओळ संपली की बाहेर पडते. पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाताना मात्र ती बफरमध्ये, म्हणजे मधल्या साठ्यात, साठून राहते. बॉटने चाल दिलेली असते, पंचाला ती मिळालेलीच नसते. साठा लगेच बाहेर ढकलायला पायथनमध्ये प्रिंटला फ्लश ट्रू, सीमध्ये एफफ्लश. नियमांच्या पानावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरं म्हणजे पंच, एक रँडम बॉट आणि सामना घरी चालवायची स्क्रिप्ट पहिल्या दिवशीच सगळ्यांना द्या. मुलं तुमच्या सर्व्हरवर डीबग करायला लागली तर तुम्हाला कारखान्यात सुट्टी टाकावी लागेल. आणि हरलेल्या सामन्याचा लॉग (चालींची नोंद) पूर्ण दाखवा. बॉट का हरला हे समजलं नाही तर मुलगा दुसऱ्या आठवड्यात फिरकत नाही.

एआयबद्दल म्हणाल तर मी बंदी घालणं सोडून दिलं. तोंडी परीक्षेत कोडमधली एक ओळ बदलते आणि विचारते, आता बॉट कसा वागेल?

निफाडचा_नितळ
तोंडी परीक्षेचं ऐकून पोटात गोळा आला.

आण्णा_पंचवटी
तुमचं ते कंटेनर वगैरे मला कळत नाही, पण खेळाचं सांगतो. नवकांकरी ठेवा. तीन चौकोन एकात एक, मधून जोडणाऱ्या रेषा, चोवीस बिंदू, दोघांना नऊ-नऊ सोंगट्या. तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. महाराष्ट्रात जुन्या देवळांच्या फरश्यांवर, ओट्यांवर, लेण्यांमध्ये हा पट कोरलेला सापडतो. लहानपणी खडूने आखून दुपारभर खेळायचो. नियम पोरांना पाच मिनिटांत कळतात. आपला खेळ असताना गोऱ्यांचे रणगाडे कशाला?

तर्कट_तात्या
आण्णा, खेळ छानच. पण तो सुटलेला आहे. राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये संगणकावर सिद्ध केलं की दोघेही बिनचूक खेळले तर नवकांकरी बरोबरीत सुटते.

आण्णा_पंचवटी
सुटला म्हणजे काय? या माझ्याशी खेळायला.

गंगापूररोड_गप्पा
आण्णा १, गासर ०.

अवांतर: हा सामना व्हायचाच असेल तर मिसळीच्या टेबलावर व्हावा. पापड मी आणतो.

तर्कट_तात्या
आण्णांचं आव्हान स्वीकारलं, मी हरणार हे ठाऊक असूनही. बॉटांपुरतं मात्र दोन अडचणी आहेत. एक तर बिनचूक बॉट बनवता येतो, म्हणजे वरच्या गटात सगळ्या बरोबऱ्या.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे आणि ती कुठल्याही खेळाला लागू होते. दोन बॉटांत यादृच्छिक काहीच नसेल तर त्यांचा शंभरावा सामना पहिल्यासारखाच होणार, चाल न् चाल तीच. तक्त्यात १००-० दिसतं, प्रत्यक्षात सामना एकच झालेला असतो. बुद्धिबळ इंजिनांच्या स्पर्धेत यावर तोडगा म्हणून सुरुवातीच्या काही चाली आयोजक ठरवून देतात. नवकांकरीतही तेच करा: पहिल्या चार-सहा सोंगट्या पंचाने चिठ्ठ्या टाकल्यासारख्या मांडायच्या आणि त्याच मांडणीतून बाजू बदलून दोन सामने. एका बाजूला फायदा असला तर तो दोघांना एकेकदा मिळतो. रँडम सीड (ज्या आकड्यावरून चिठ्ठ्या निघाल्या तो) आणि चाली जपून ठेवल्यात तर कुठलाही सामना नंतर जसाच्या तसा पुन्हा दाखवता येतो, भांडणं निम्मी होतात.

थोडं गणितही करा. ४० बॉट म्हणजे ७८० जोड्या. जोडीला १०० सामने धरले तर ७८,०००. चालीला ५० मिलिसेकंद आणि दोघांच्या मिळून २०० चाली असतील तर सामना १० सेकंदांचा. एका कोअरवर नऊ दिवस. आठ कोअर लावलेत तरी एक रात्र पुरत नाही, दिवसाहून थोडं जास्तच लागतं. तुमचा 'सकाळी चहासोबत गुणतक्ता' इथे अडकतो.

सातपूर_शिफ्ट
मग १०० ऐवजी २० सामने लावू?

तर्कट_तात्या
लावा, पण मग फार बारीक फरक सांगू नका. १०० सामन्यांत ५५-४५ हा निव्वळ योगायोग असू शकतो. ६०-४० झाल्यावर कुठे म्हणता येतं की बहुधा हा सरस आहे. ६०-४० म्हणजे एलो रेटिंगमध्ये (बुद्धिबळपटूंची ताकद मोजायची गुणपद्धत) साधारण ७० गुणांचा फरक. २० सामन्यांवर तेवढाही दिसणार नाही. स्टॉकफिशचे लोक एक छोटी सुधारणा तपासायला हजारो सामने खेळवतात ते उगाच नाही. जवळजवळच्या बॉटांना जास्त सामने द्या. पहिला आणि चाळिसावा यांच्यात शंभर सामने लावून कोणाला काय कळणार?

आणि एलो जसाच्या तसा उचलू नका. तो माणसांसाठी आहे. माणूस शिकतो, थकतो, म्हणून प्रत्येक सामन्यानंतर रेटिंग हलवायचं. बॉटची एक आवृत्ती आहे तशीच राहते. सगळे निकाल एकदम घेऊन रेटिंग एकत्र काढा, सामने कोणत्या क्रमाने झाले याने फरक पडायला नको. नवी आवृत्ती आली की ती नवा खेळाडू.

उलटतपासणी
तरीही एका आकड्यात सगळं मावत नाही. अ हरवतो ब ला, ब हरवतो क ला, क हरवतो अ ला, असं बॉटांत सर्रास होतं. १९९९ साली दगड-कागद-कात्रीच्या बॉटांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती. गंमत अशी की निव्वळ रँडम खेळणाऱ्याला तिथे कोणी सातत्याने हरवू शकत नाही, पण तो जिंकतही नाही. तो मधेच लोंबकळतो. जिंकला डॅन एग्नॉर यांचा 'आयोकेन पावडर', जो समोरच्याचा अंदाज बांधायचा, आणि समोरचा आपला अंदाज बांधतोय हेही धरून चालायचा. पूर्ण तक्ता दाखवा, कोण कोणाकडून हरला ते दिसू द्या. चर्चा त्याचीच होते.

आण्णा_पंचवटी
मग मेंढीकोट ठेवा! तो तर सुटलेला नाही ना?

गंगापूररोड_गप्पा
आण्णा फॉर्मात.

कर्नल_कोथिंबीर
थट्टा राहू द्या, ही सूचना जोरदार आहे. चौघे, दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पानं आणि समोरच्याचे पत्ते झाकलेले. दहिले कोणाकडे आहेत याचा अंदाज बांधायचा. असल्या खेळाला इंटरनेटवर तयार इंजिन मिळणार नाही, एआयसुद्धा नियम अर्धवटच सांगतो. मी विचारून बघितलं, त्याने हुकुमाचा गोंधळ घातला.

रेवती_रा
हुकुमाचा गोंधळ माणसंही घालतात. बंद हुकूम की पान संपल्यावर कापेल तो हुकूम? आमच्या सासरी एक, माहेरी दुसरं. कोड लिहायला बसण्याआधी नियमांचं एक पान ठरवा. डाव दोन-दोन दहिल्यांवर बरोबरीत आला तर सात हात करणारा जिंकला, हेही त्यात लिहा.

निफाडचा_नितळ
पण पत्ते चांगले आले तर कोणीही जिंकेल ना? नशिबाचा खेळ आहे.

तर्कट_तात्या
नितळ, चांगला प्रश्न. ब्रिजमध्ये यावर जुना उपाय आहे: तीच वाटणी दोनदा खेळायची, दुसऱ्यांदा जोड्यांनी जागा बदलायच्या. तुझ्याकडे आलेले चांगले पत्ते पुढच्या डावात माझ्याकडे. मग त्या पत्त्यांचं तू काय केलंस आणि मी काय केलं एवढंच उरतं. माणसांना हे करायचं तर दुसरं टेबल लागतं. बॉट आधीचा डाव विसरून बसतो, त्यामुळे काम सोपं.

उलटतपासणी
भिडू आला की लबाडी आली. १९८० साली रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी 'कैद्यांचा पेच' या खेळाची (दोघांनी दर फेरीत साथ द्यायची की दगा, हे ठरवायचं) प्रोग्रॅम-स्पर्धा घेतली. तिच्यात अनातोल रॅपोपोर्ट यांचा 'जशास तसे' जिंकला, सगळ्यांत छोटा प्रोग्रॅम. ही गोष्ट सगळे सांगतात. २००४ ची कमी सांगतात. त्या स्पर्धेची पुन्हा आवृत्ती भरली तेव्हा साउदम्प्टन विद्यापीठाच्या गटाने साठ प्रोग्रॅम पाठवले. पहिल्या काही चालींच्या खुणेवरून ते एकमेकांना ओळखायचे. ओळख पटली की एक जण मुद्दाम हरून दुसऱ्याला गुण द्यायचा. वरच्या जागा त्यांनीच पटकावल्या आणि त्यांचेच बाकीचे तळाला.

मेंढीकोटात तुमच्याकडे एकाच वर्गाची पोरं दहा बॉट पाठवतील आणि हेच करतील.

आण्णा_पंचवटी
आमच्या वेळी भिडू खाकरायचा. एकदा खाकरला की दहिला आहे.

कर्नल_कोथिंबीर
आण्णा, बॉटही खाकरतो! चाल द्यायला १० मिलिसेकंद लावले तर दहिला नाही, ४० लावले तर आहे. म्हणून कोणी किती वेळ घेतला हे पंचाने इतरांपर्यंत जाऊ द्यायचं नाही. प्रत्येक चाल ठराविक ठोक्यालाच पुढे पाठवायची. दोन्ही भिडू एकाच लेखकाचे असले तरी वेगवेगळ्या कंटेनरात, सामायिक फोल्डर नाही.

रेवती_रा
पण दुरी टाकायची की तिरी, यातून खूण केली तर? ते कसं थांबवणार?

उलटतपासणी
थांबवू नये. ब्रिजमध्ये तशा खुणा चालतात, फक्त समोरच्या जोडीला आधी सांगाव्या लागतात. बॉट चढवताना दोन ओळी लिहायला लावा: "माझ्या खुणा या." खोटं लिहिलं तर लॉगमध्ये दिसेलच.

घोटीचा_घाट
उशिरा आलो. प्रवेश फी ठेवून विजेत्याला रोख बक्षीस द्या की, गर्दी होईल.

तर्कट_तात्या
नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. बॉट खेळतात म्हणून सुटका होईल का, हा वाद वकिलाच्या ऑफिसात घालण्यापेक्षा फीच ठेवू नका. पुस्तक द्या, मिसळ द्या.

गंगापूररोड_गप्पा
मिसळीचा मुद्दा मी आधीच मांडला होता, नोंद घ्यावी.

सातपूर_शिफ्ट (मंगळवार, रात्री ११:२०)
सगळ्यांचे आभार. कारखान्यात सेकंड शिफ्ट होती, आत्ता सगळं सलग वाचलं. माझं ठरलं ते असं.

पहिला हंगाम नवकांकरीचा. हो तात्या, ती सुटलेली आहे, पण मला आधी पंच, कंटेनर आणि रेटिंग तावून सुलाखून बघायचं आहे. त्यासाठी दोघांचा, उघडा, छोटा खेळ बरा. पंच चुकला तर आण्णा पटावर बघून सांगू शकतील, मेंढीकोटात चूक शोधायला आठवडा जाईल. मांडणी पंच करणार, प्रत्येक मांडणी दोन्ही बाजूंनी. ज्याला बिनचूक बॉट लिहायचा त्याने खुशाल लिहावा. मात्र बॉटची फाइल १ एमबीपेक्षा मोठी नको, म्हणजे गासर यांचा डेटाबेस कोणी आत कोंबणार नाही.

रोज रात्री फक्त शेजारशेजारच्या क्रमांकांचे सामने, रविवारी सगळ्यांचे सगळ्यांशी. पूर्ण तक्ता उघडा. पंचाचा कोड, रँडम बॉट आणि घरी चालवायची स्क्रिप्ट या महिन्यात देतो. फ्लशची सूचना लाल रंगात. दुसरा हंगाम मेंढीकोट, नियमांचं पान रेवती मॅडम आणि आण्णांनी मिळून लिहावं अशी विनंती.

'आखाडा' हे नाव सोडलं आहे, नवं सुचवा.

रेवती_रा
लिहू. पण आण्णांशी हुकुमावर एकमत होईल याची खात्री नाही.

आण्णा_पंचवटी
बंद हुकूम. यावर चर्चा नाही.

निफाडचा_नितळ
दादा, एक शंका. बॉटचं नाव देवनागरीत चालेल का?

सातपूर_शिफ्ट
चालेल. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत), जास्तीत जास्त ३२ बाइट.

कर्नल_कोथिंबीर
देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. ३२ बाइटांत दहाच बसतात.

निफाडचा_नितळ
मग 'त्र्यंबकेश्वर' बसत नाही. तेरा चिन्हं, ३९ बाइट.

सातपूर_शिफ्ट
९६ करतो.